तरंगत्या पिंजऱ्याला पुराची भीती नसते?

'धरणातला पिंजरा तरंगता असतो, पाणी वाढलं की आपोआप वर येतो. मत्स्यपालनाला पुराचा धोका नाही.' हे बरीच वर्षं फिरतंय आणि पटण्यासारखंही आहे.

जाळ्याच्या पिंजऱ्याला बांधलेले ड्रम तरंगतात हे खरं. पण पिंजरा तळाशी टाकलेल्या नांगराला दोराने बांधलेला असतो. उजनी धरणात बऱ्याच वर्षी उन्हाळ्यात साठा वजा टक्क्यांत (उपयुक्त साठ्याच्या खाली) जातो आणि पावसाळ्यात धरण भरतं. मेमध्ये 10 मीटर खोलीला 20 मीटर दोर भरपूर वाटतो. पाणी 12 मीटर चढलं की खोली 22. मग दोर ताणून कोपरा खाली ओढतो, जाळ्याची कड बुडते, मासे बाहेर. नाहीतर नांगर घसरतो आणि पिंजरा सांडव्याकडे निघतो.

धरणाच्या पूर्ण संचय पातळीतून (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी) पिंजऱ्याखालच्या तळाची पातळी वजा करा. येईल त्या खोलीच्या साधारण तिप्पट दोर हवा. उन्हाळ्यात जास्तीचा गुंडाळून ठेवा, पावसाआधी सोडा (हेच नेमकं राहून जातं).

पुराच्या गढूळ पाण्याने जाळ्याचे डोळे (भोकं) बुजतात, ऑक्सिजन घटतो. पहाटे मोजा, लिटरला 3 मिलिग्रॅमखाली गेला तर खाद्य बंद. पंगस मासा वर येऊन हवा घेतो, रोहूला ते जमत नाही, म्हणून त्याला धोका जास्त.