रेडिओ-नियंत्रित कसरती विमान

जमिनीवर उभे राहून रेडिओ लहरींच्या साहाय्याने उडवायचे आणि लूप (हवेत उभे वर्तुळ), रोल (लांबीच्या अक्षाभोवती गिरकी), उलटे उड्डाण, उभी चढण अशा हवाई कसरतींसाठी खास घडवलेले छोटे विमान. शिकाऊ विमानाहून ते आकारापेक्षा स्वभावाने वेगळे असते. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वरच्या अंगाला बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात, त्यामुळे चालकाने हातातल्या ट्रान्समीटरची कांडी सोडली की ते आपोआप सरळ होते. कसरती विमानाचे पंख धडाच्या मध्याजवळ आणि जवळपास सपाट असतात, पंखाचा छेद वरून व खालून सारखाच असतो, आणि म्हणून ते ज्या स्थितीत सोडावे त्याच स्थितीत राहू पाहते, मग ती सुलटी असो वा उलटी. चालकाला सावरून घेणारी कोणतीही सोय त्याच्या बांधणीत नसल्यामुळे जुळणीतला बारीकसा दोषही उड्डाणात लगेच उघडा पडतो. कसरत किती साधेल हे त्यामुळे मैदानावर जाण्याआधी, घरच्या टेबलावरच बऱ्याच अंशी ठरलेले असते. मुंबईसारख्या शहरात मैदान लांब आणि शांत हवेचे तास थोडे असल्यामुळे तर या टेबलावरच्या कामाचे मोल अधिकच वाढते.

स्पर्धात्मक उड्डाणाचे नियम आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ (एफएआय) ठरवतो. या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे झाली. ‘एफ३ए’ या मुख्य गटातील विमानाची लांबी आणि पंखविस्तार प्रत्येकी २ मीटरपेक्षा अधिक चालत नाही. चालकापासून सुमारे १५० मीटर अंतरावर, डावीकडे व उजवीकडे ६०-६० अंश आणि वर ६० अंश अशा कल्पित चौकटीत ठरलेल्या कसरती क्रमाने कराव्या लागतात. प्रत्येक कसरतीला १० पैकी गुण मिळतात आणि ते तिच्या काठिण्यांकाने गुणले जातात. याहून वेगळी, ‘थ्रीडी’ नावाने ओळखली जाणारी शैली १९९० च्या दशकात फोफावली. तिच्यात विमान पंखांच्या आधाराने उडण्याऐवजी प्रॉपेलरच्या ओढीवर हवेत उभे टांगले जाते. त्यासाठी मोटरची ओढ विमानाच्या वजनाहून जास्त असावी लागते; प्रत्यक्षात ती दीडपट किंवा त्याहून अधिक ठेवतात.

विमानाचा सांगाडा बाल्सा लाकूड आणि पातळ प्लायवूड यांचा असतो व त्यावर इस्त्रीच्या उष्णतेने आकसणारी प्लॅस्टिकची फिल्म चढवतात. नवशिक्याने मात्र ईपीपी या लवचीक फोमच्या विमानापासूनच सुरुवात करावी, कारण ते आपटले तरी बहुधा चिकटवून पुन्हा उडवता येते. ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, लिथियम-पॉलिमर बॅटरी (हिला सगळे ‘लायपो’च म्हणतात), रिसीव्हर आणि चार सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एवढी सामग्री साध्या विमानाला पुरते. यातल्या वायरी, कनेक्टर, सोल्डर आणि हीटश्रिंक नळी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. ट्रान्समीटर आता २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. जुन्या संचांमध्ये एकाच वारंवारतेवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला की एकाचे विमान पडलेच, म्हणून मैदानावर फळीवरची आपल्या वारंवारतेची चिमटी उचलल्याशिवाय कोणी ट्रान्समीटरला हात लावत नसे. ही भीती आता गेली आहे.

जुळणीची सुरुवात गुरुत्वमध्यापासून करावी. पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३३ टक्के अंतरावर तो असावा लागतो. बॅटरी आत बसवून, पंखांच्या खाली दोन्ही बाजूंना खूण केलेल्या जागी तर्जनीची टोके टेकवून विमान अलगद उचलावे. नाक किंवा शेपटी खाली गेली तर शिसे चिकटवण्याआधी बॅटरीच पुढे-मागे सरकवून पाहावी. नाक जड असलेले विमान आळशी पण भरवशाचे असते. शेपटी जड असलेले विमान पहिल्याच उड्डाणात हातातून जाते. म्हणून पहिल्या दिवशी गुरुत्वमध्य थोडा पुढेच ठेवावा.

त्यानंतर सर्व्होंकडे वळावे. रिसीव्हरकडून येणाऱ्या १.५ मिलिसेकंदाच्या स्पंदनावर सर्व्हो मध्यावर थांबतो. त्या स्थितीत त्याचा हात झडपेकडे जाणाऱ्या दांडीशी काटकोनात बसला पाहिजे. बसत नसेल तर हात काढून एक दात पुढे-मागे करून पुन्हा लावावा. ट्रान्समीटरमधील सबट्रिमने (सर्व्होचा मध्य सरकवण्याच्या सोयीने) सरळ सगळे ओढून घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यामुळे हालचाल एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते आणि डावा रोल व उजवा रोल सारखे पडत नाहीत. यांत्रिक जुळणी आधी, इलेक्ट्रॉनिक नंतर, हा क्रम मोडू नये. कंट्रोल हॉर्नची (झडपेवर दांडी जोडायच्या शिंगाची) भोके बिजागरीच्या रेषेवरच आली पाहिजेत. दांड्यांच्या टोकांना ढिलेपणा चालत नाही, कारण वेगात ढिले एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) थरथरू लागतात आणि ही थरथर काही क्षणांत पंख फाडू शकते. बिजागरीची फट पारदर्शक टेपने बंद केल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.

नियंत्रण-पृष्ठे, म्हणजे या झडपा, किती हलावीत हे शैलीवर ठरते. नेमक्या कसरतींसाठी १० ते १५ अंश पुरतात, तर थ्रीडीसाठी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप) ४५ अंशांपर्यंत नेतात. एकाच विमानावर दोन्ही हवे असतील तर ड्युअल रेटचा, म्हणजे हालचालीची लहान-मोठी मर्यादा बदलणारा, खटका वापरावा. मोठ्या हालचालीत कांडी मध्याजवळ फार तिखट होऊ नये म्हणून एक्स्पोनेन्शियल द्यावा लागतो. लहान रेटवर तो २० ते ४० टक्के असतो, मोठ्या रेटवर याहून बराच अधिक.

मैदानावर निघण्याआधी, आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा एकदा, दिशांची तपासणी केलीच पाहिजे. विमानाच्या मागे उभे राहून कांडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली जायला हवा. ही पाच सेकंदांची तपासणी वगळल्यामुळे मोडलेली विमाने मी इतकी पाहिली आहेत की ती मोठ्याने बोलून करावी असेच मी सांगेन. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते की नाही, हे मात्र प्रॉपेलर काढूनच पाहावे.

लायपोच्या प्रत्येक सेलचा पूर्ण भार ४.२ व्होल्टचा असतो. ३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल खराब होतो, आणि न वापरता ठेवायचा असेल तर तो ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतात. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. मुंबईतल्या छोट्या घरात चार्जिंगसाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा: तो पेटत नाही, आणि तिथे घरातल्या कोणाचे तरी लक्ष असते. रात्रभर चार्जिंगला लावून झोपणे सर्वस्वी चूक आहे.

पहिल्या उड्डाणात कसरत करायची नसते. पुरेशा उंचीवर अर्ध्या थ्रॉटलने (मोटरच्या अर्ध्या जोराने) सरळ नेऊन ट्रिम लावावे, म्हणजे कांडी सोडूनही ते सरळ जाईल असे करावे, आणि मग एकेक दोष शोधावा. विमान ४५ अंशांत चढवून उलटे करावे आणि एलेव्हेटर सोडावा. नाक जमिनीकडे झपाट्याने झुकले तर ते जड आहे, उलट आकाशाकडे वळू लागले तर शेपटी जड आहे. मग पूर्ण थ्रॉटलने सरळ उभी चढण घ्यावी. प्रॉपेलरचा फिरता झोत शेपटीवर आदळतो आणि मोटरचा पीळही असतो, त्यामुळे विमान डावीकडे ओढले जाते. यावर उपाय रडर (शेपटीची उभी झडप) नव्हे, तर मोटर उजवीकडे दोन-तीन अंश वळवून बसवणे. तिच्या मागे एकेक वॉशर सरकवत हे जमवावे लागते. सर्वांत शेवटी नाइफ-एज, म्हणजे पंख उभे करून केवळ रडरवर उडणे. यात बहुतेक विमाने चाकांच्या बाजूला वळतात, म्हणून ट्रान्समीटरमध्ये रडरबरोबर किंचित वर-एलेव्हेटरचे मिश्रण देतात. वारा नसलेल्या दोन सकाळी या कामात गेल्या तरी त्या सत्कारणी लागल्या असे समजावे.

कसरतींपैकी लूप फार जुना. खऱ्या विमानाने तो १९१३ मध्ये किएव्ह येथे प्योत्र नेस्तेरोव्ह यांनी प्रथम घेतला. बघायला सोपा, पण गोल काढायला अवघड: वर जाताना जोर द्यावा लागतो आणि माथ्यावरून उतरताना थ्रॉटल कमी करून एलेव्हेटरही सैल सोडावा लागतो, नाही तर आकृती अंड्यासारखी होते. स्टॉल टर्नमध्ये वेळ साधणे हेच सर्व काही आहे. विमान सरळ वर न्यायचे, थ्रॉटल जवळजवळ बंद करायचे, आणि ते थांबण्याच्या बेताला आले, प्रॉपेलरचा आवाज फक्त फुरफुरण्याइतका उरला, की पूर्ण रडर द्यायचा. विमान जागच्या जागी पंखावरून वळते आणि आल्या वाटेनेच खाली येते. अर्धा सेकंद लवकर केले तर कमान होते. उशीर केला तर ते शेपटीवर मागे घसरते. उलट्या उड्डाणात वर जाण्यासाठी एलेव्हेटर पुढे ढकलावा लागतो, हे बोटांना कळेपर्यंत उंची सोडू नये. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते. तेव्हा जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच बाजूला कांडी न्यावी, म्हणजे तो उचलला जातो.

मुंबईत खरी अडचण जागेची आहे. ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झाले. २५ किलोपर्यंत वजनाच्या, केवळ छंद, शिक्षण वा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानाला त्यांनी प्रकार-प्रमाणपत्रातून (विमानाच्या नमुन्याच्या सरकारी मान्यतेतून) सूट दिली आहे, पण हवाई क्षेत्राचे निर्बंध त्यालाही आहेत. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे हिरव्या क्षेत्रात (जिथे पूर्वपरवानगी लागत नाही) ४०० फुटांपर्यंतच मुभा आहे. सांताक्रूझचा विमानतळ, १९२८ सालचा जुहूचा विमानतळ, तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि कुलाब्याचा नौदलाचा परिसर नकाशावर मांडले की शहरात मोकळे आकाश फारसे उरत नाही. शिवाय ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवर चालणाऱ्या लहान विमानांवर मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. ते निघण्यापूर्वी पाहणे आवश्यक असते. ४०० फूट म्हणजे सुमारे १२२ मीटर. एफ३एची चौकट मात्र १५० मीटर अंतरावर सुमारे २६० मीटर उंच जाते. म्हणजे पूर्ण स्पर्धात्मक क्रम विशेष परवानगीशिवाय येथे बसतच नाही, आणि मीटरभर पंखविस्ताराचे, कमी उंचीत गोल घेणारे विमानच मुंबईकरांसाठी शहाणपणाचे ठरते. ते सोयीचेही असते, कारण पंख काढून घेतले की पहाटेच्या लोकलच्या लगेजच्या डब्यात कोणाला अडचण न होता मावते, आणि बदलापूर किंवा कर्जतच्या बाजूला मोकळ्या माळापर्यंत नेता येते. माळ कोणाचा आहे हे विचारून, मालकाची परवानगी घेऊनच उतरावे.

पहाटेचाच आग्रह का, तर समुद्राकाठचे वारे. सकाळी मतलई वारा मंद असतो आणि उन्ह चढेपर्यंत हवा जवळजवळ निवांत राहते. दुपारी खारे वारे सुटले की हलक्या फोमच्या विमानाची आकृती भरकटते. जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, आकाशात ताणलेला मांजा दिसत नाही आणि एलेरॉन कापू शकतो. घारी तर वर्षभर असतात. एखादी विमानाभोवती घिरट्या घालू लागली की उतरवून थांबावे, तिला हुसकावण्यासाठी विमान वापरू नये. दमट खाऱ्या हवेने दांड्यांना गंज चढतो, कनेक्टर हिरवे पडतात आणि उन्हात फिल्म सैल होऊन सुरकुतते. त्यासाठी इस्त्री हाताशी ठेवावी लागते.

जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात जातात. तेव्हा खरा ट्रान्समीटर संगणकाला जोडून सिम्युलेटरवर उलट्या उड्डाणाचा सराव करता येतो, किंवा एखाद्या शाळेच्या वा जिमखान्याच्या बंद सभागृहात फोमच्या अगदी हलक्या विमानांनी ‘एफ३पी’ या अंतर्गृह गटातील कसरती करता येतात. त्यांत वारा नसतो, वेग चालण्याच्या चालीचा असतो, आणि भिंती जवळ असल्यामुळे गुरुत्वमध्यातली दोन-चार मिलिमीटरची चूकही पहिल्याच फेरीत कळते.