झाडीपट्टी नाटकातील स्त्री कलावंत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील चार जिल्ह्यांचा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथल्या रंगभूमीवर बाईला नुसता अभिनय येऊन भागत नाही. तिला गावे लागते, नाचावेही लागते, आणि पुष्कळदा हे सगळे एकाच रात्रीत.

दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांत बाईचे सोंग पुरुषच घेत. खडी गंमतीतला ‘नाच्या’ लुगडे नेसून, घुंगरू बांधून उभा राही. स्त्रिया रंगमंचावर आल्या त्या नंतर. नाच्याचे नाचणे, गाणे आणि हजरजबाबीपणा हे तिन्ही त्यांच्या वाट्याला आले, असे म्हणता येईल.

हंगाम दिवाळीनंतर, धान निघू लागले की सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. दिवसा मंडई म्हणजे गावची जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पाहुणे येतात, सोयरिकीही जुळतात. वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळांचे मुख्य ठिकाण. गावकरी तिथे येऊन नाटक ठरवतात. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. वादक मंचासमोरच बसलेले असतात. गाणे रेकॉर्डवर नसते, ते तिथेच म्हणावे लागते, आणि ‘वन्स मोअर’ आला की दम लागलेला असला तरी पुन्हा म्हणावे लागते.

पौषातली थंडी, रात्रीचे दोन. नवऱ्याने घराबाहेर काढलेली नायिका रडत रडत पद म्हणते. पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत असतात. पडदा पडतो. ताडपत्रीच्या आडोशाला ती फाटके लुगडे सोडून नऊवारी चढवते, घुंगरू बांधते आणि आवाज न बसू देता लावणीला उभी राहते. लावणीसाठी वेगळी नर्तिका ठेवणारी मंडळे आहेत, पण दोन्ही पेलणारीला मागणी अधिक. तालमी थोड्या होतात. त्यामुळे पाठांतर आणि सहकलाकाराचा हात ओळखून वाक्य उचलणे हेच तिचे खरे शिक्षण. याला कोणी ‘नुसते नाचकाम’ म्हणत असेल, तर त्याने रात्रभर बसून हे नाटक पाहिलेले नाही.

मानधन रात्रीच्या हिशेबाने मिळते, म्हणून हंगाम बुडाला की वर्ष बुडते. कोरोनाच्या काळात हेच झाले. २०२३ साली या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीचे नाव दूरवर गेले. तिच्यातल्या बायांचे काम मात्र अजून बरेचसे प्रेक्षकांच्या आठवणीतच आहे.

वय वाढले की भूमिका बदलतात. लावणी करणारी मुलगी नायिका होते, नायिका पुढे खाष्ट सासू किंवा आई. घुंगरू सुटतात, पद म्हणायची वेळ आली की वादक अजूनही तिचीच पट्टी धरतात.