मिया-मंदारा

मिया-मंदारा : शिंतो देवस्थानाचा सारा परिसर उंचावरून पाहिल्यासारखा रंगवलेला जपानी भक्तिपट. ‘मिया’ म्हणजे देवस्थान आणि ‘मंदारा’ हे संस्कृत ‘मंडल’ शब्दाचे जपानी रूप. हे पट बहुधा रेशमी कापडावर रंगवून उभे टांगत. डोंगर, वनराई, वाट आणि देवळे हाच यांचा मुख्य विषय असतो. देवमूर्ती असल्याच तर वरच्या बाजूला, लहान वर्तुळांत. उपलब्ध पटांत नारा येथील कासुगा देवस्थानाचे पट सर्वाधिक असून त्याखालोखाल हिए आणि कुमानो येथील पटांचा उल्लेख करावा लागतो.

या चित्रप्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. कूकाई या आचार्यांनी ८०६ मध्ये चीनहून आणलेल्या मंत्रयानी (तांत्रिक बौद्ध पंथाच्या) मंडलांपासून तो निघाला, असे एक मत आहे. त्या मंडलांत देवता चौकोनांत आणि वर्तुळांत नेमक्या जागी बसवलेल्या असतात. मिया-मंदारांत मात्र खरी, पायी फिरता येणारी भूमी दिसते. म्हणून काही अभ्यासक अमिताभ बुद्धाच्या सुखावती या स्वर्गलोकाची चित्रे हे त्यांचे मूळ मानतात, तर काही देवस्थानांच्या जमिनीचे नकाशे. फुजिवारा घराण्यातील कुजो कानेझाने याच्या रोजनिशीत ११८४ मधील एक नोंद आहे. नाराहून आलेल्या कासुगा देवस्थानाच्या चित्रापुढे त्याने क्योतोतील आपल्या घरीच, प्रत्यक्ष देवळात गेल्याप्रमाणे पूजा केली. तेथे त्या चित्राला ‘मंदारा’ म्हटलेले नाही. चितारलेले देवस्थान अशाच अर्थाचे शब्द आहेत. यावरून चित्र आधी आले आणि मंडल हे नाव त्याला नंतर चिकटले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. घरबसल्या यात्रा घडवणे हे या पटांचे काम होते, एवढे तर या नोंदीवरून स्पष्टच होते.

कासुगा पटाची मांडणी ठरलेली आहे. खाली पश्चिम, वर पूर्व. तळाशी पहिले तोरी (देवस्थानाचे कमानद्वार) लागते. तेथून वाट झाडांतून वर चढते. डाव्या हाताला दोन पॅगोडा, अधूनमधून हरणे. वरच्या भागात शेंदरी खांबांची चार देवळे ओळीने उभी असतात आणि थोड्या अंतरावर वाकामिया हे पाचवे. त्यामागे गर्द झाडीचा शंकूसारखा मिकासा डोंगर, आणि आकाशात एक बिंब. हे बिंब सूर्याचे की चंद्राचे, याविषयीही वाद आहे. मिकासावर उगवणारा चंद्र आबे नो नाकामारो या कवीच्या काळापासून जपानी मनात रुजलेला असल्याने चंद्राचा पक्ष बळकट दिसतो.

डोंगरावरील वर्तुळांत बुद्ध आणि बोधिसत्त्व असतात. शिंतो देव ही बुद्ध-बोधिसत्त्वांचीच या भूमीवर प्रकटलेली रूपे होत, या ‘होंजी-सुइजाकु’ सिद्धांताचा हा परिणाम. दुसऱ्या देवळाचे मूळ रूप भैषज्यगुरू, तिसऱ्याचे क्षितिगर्भ, चौथ्याचे एकादशमुख अवलोकितेश्वर आणि वाकामियाचे मंजुश्री. (एकादशमुख रूपाचे एक प्राचीन शिल्प मुंबईच्या कान्हेरी येथे ४१ क्रमांकाच्या लेण्यात आहे.) पहिल्या देवळाबाबत मात्र परंपरा दोन आहेत. कोफुकुजी या फुजिवारांच्या कुलमठाच्या नानएन्दो या मंदिरातील मुख्य मूर्ती अमोघपाश अवलोकितेश्वराची. फुजिवारांच्या श्रद्धेप्रमाणे तेच पहिल्या देवाचे मूळ रूप. जोकेई (११५५–१२१३) या भिक्षूसारख्या शाक्यमुनींच्या उपासकांनी तेथे शाक्यमुनींना मानले. कालनिर्णयासाठी या फरकाचा आधार घेतात, पण तो जपूनच घ्यावा.

पॅगोडांचेही तसेच. पश्चिमेचा १११६ मध्ये, पूर्वेचा ११४० मध्ये बांधला गेला. ११८० च्या आगीनंतर ते पुन्हा उभारले गेले आणि १४११ मध्ये वीज पडून जळाले. आज पायाचे दगड तेवढे उरले आहेत. तथापि जुन्या पटावरून नक्कल करणारा चित्रकार जळालेला पॅगोडाही रंगवू शकतो. तेव्हा पॅगोडा दिसला म्हणून पट १४११ पूर्वीचाच, असे म्हणता येत नाही. सनाची नोंद असलेल्या मोजक्या पटांत १३०० मधील, कानशुन याने रंगवलेला पट महत्त्वाचा आहे.

तोक्योच्या नेझू संग्रहालयातील ‘नाची धबधबा’ हा पट (तेरावे-चौदावे शतक) या परंपरेच्या टोकाला उभा आहे. कुमानोतील नाची येथे १३३ मी. उंचीचा धबधबा हाच देव. त्याच्यासमोरील हिरो देवस्थानाला आजही गाभारा नाही. सहस्रभुज अवलोकितेश्वर हे त्याचे मूळ रूप मानतात, पण चित्रात ते कोठेच नाहीत. अंधाऱ्या कड्यावरून एक पांढरी धार सरळ उतरते, मध्ये खडकावर आपटून किंचित फुटते, आणि अगदी तळाशी झाडांआडून पूजामंडपाचे छप्पर डोकावते. मूर्तीविना देवाचे एवढे थेट दर्शन घडवणारे चित्र विरळाच. मंडपाजवळचे लाकडी स्मृतिस्तंभ निवृत्त सम्राट कामेयामा यांच्या १२८१ मधील यात्रेशी काही अभ्यासक जोडतात. ते मान्य केल्यास पट त्यानंतरचा ठरतो; शैलीवरूनही ते शक्य वाटते.

सोळाव्या-सतराव्या शतकांत कागदावरील मोठी ‘सांकेइ-मंदारा’ म्हणजे यात्राचित्रे प्रचारात आली. ही रंगांनी भडक व माणसांनी गजबजलेली असत, आणि वर्गणी गोळा करणारे त्यांच्या आधारे क्षेत्राचे माहात्म्य सांगत. नाचीच्या अशा चित्रात समुद्रकाठी एक होडी दिसते. तिच्यावर खोपटासारखी खोली आणि चहूबाजूंनी तोरी. दक्षिण समुद्रापलीकडे अवलोकितेश्वराचा पोतलक पर्वत आहे, या श्रद्धेने भिक्षू त्या खोलीत बसून परत न येण्यासाठी निघत.

१८६८ च्या आदेशाने शिंतो देवस्थाने बौद्ध मठांपासून तोडली गेली आणि या पटांतील देव-बुद्धांची एकत्र पूजा अधिकृतरीत्या संपली. नाराच्या परिसरात मात्र कासुगा-को या भक्तमंडळांनी आळीपाळीने एकेका घरी पट टांगून पूजा करण्याचा रिवाज जपला.