घटप्रभेकाठचा गेंडा

गोकाकच्या रानात एके काळी गेंडे चरत होते, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. लहानपणीच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मी बेळगावहून मावशीकडे, घटप्रभेकाठी जाऊन काढल्या. धबधबा, झुलता पूल, गिरणी आणि येताना बांधून मिळणारी करदंट ही मिठाई, एवढंच माझं गोकाक. पायाखालच्या मातीत काय आहे, ते सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून ही हकीकत मुळापासून मांडावीशी वाटते.

ती सुरू होते रॉबर्ट ब्रूस फूट यांच्यापासून. हे गृहस्थ १८५८ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरमला त्यांना दगडाची हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या पुराश्मयुगाचा, म्हणजे सर्वांत जुन्या दगडी हत्यारांच्या काळाचा, अभ्यास तिथून उभा राहिला. पुढे आपला मुलूख त्यांच्या वाट्याला आला. बेळगाव, धारवाड आणि आसपासच्या या पट्ट्याला तेव्हा इंग्रज ‘दक्षिण मराठा प्रदेश’ म्हणत. फूट यांनी तो पालथा घातला आणि १८७६ साली त्याच्या भूरचनेवरचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन वर्षं आधी, १८७४ मध्ये, त्यांनी गोकाकजवळच्या जुन्या गाळात मिळालेल्या गेंड्याच्या अवशेषांचं वर्णन छापलं होतं. त्या प्राण्याला त्यांनी नाव दिलं ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा.

आज गेंडा पाहायचा तर आसाम, उत्तर बंगाल किंवा नेपाळची तराई गाठावी लागते. त्याला उंच गवत लागतं, डुंबायला पाणी लागतं. आताच्या गोकाक तालुक्यात वैशाखातलं रान पाहिलेल्या माणसाला ते चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागतो. पण तो इथं जगत होता, तर त्याच्यापुरतं गवत आणि पाणीही इथं असणारच.

हाडं मात्र आपल्या भागात फार कमी मिळतात. त्याचं कारण जमिनीत आहे. बेळगाव म्हणजे तीन-चार तऱ्हेच्या खडकांची वेस आहे. पश्चिमेला आणि उत्तरेला दख्खनचा काळा कातळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या डोक्यावर ठिकठिकाणी जांभा. पूर्वेकडे सरकलं की गोकाकपासून बदामी-बागलकोटपर्यंत कलादगीचे वालुकाश्म आणि गारेसारखे कठीण खडक लागतात, त्यातले काही थर शंभर कोटी वर्षांहूनही जुने. ते साठले तेव्हा हाड असलेला जीव पृथ्वीवर नव्हताच. त्या काळची खूण म्हणजे कलादगीच्या चुनखडकांतल्या स्ट्रोमॅटोलाइटच्या वळ्या, सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून झालेल्या. जांभ्याच्या आणि वाळूच्या आम्ल मातीत हाड विरघळून जातं. चुन्याचे खडे असलेल्या चिकट गाळात गाडलं गेलं तरच ते टिकतं, आणि आपल्या नद्यांकाठी असा जुना, खोल गाळ तुकड्यातुकड्यानं उरला आहे. त्यात एका गेंड्याची हाडं टिकावीत आणि ती नेमकी जाणत्या माणसाच्या नजरेस पडावीत, हा मला फार मोठा योग वाटतो.

लाव्हाच्या काळातलीही खूण गोकाक तालुक्यातच आहे. मामदापूर परिसरात दोन लाव्हाथरांच्या मधोमध गाळाचा पातळ पट्टा सापडतो. एक उद्रेक थांबला, खळग्यात पाणी साठून तळं झालं, त्यात गोड्या पाण्यातले बारीक कवचवाले जीव वाढले आणि पुढच्या लाव्हानं ते तळं झाकून टाकलं.

हाडं दुर्मिळ असली तरी दगडी हत्यारांना इथं तोटा नाही, तेही कलादगीच्या त्याच कठीण खडकामुळे. हा दगड फोडला की धारदार छिलका निघतो, कड लवकर बोथट होत नाही. हातकुऱ्हाड आणि रुंद धारेची दगडी फरशी घडवणाऱ्यांना याहून चांगला माल कुठे मिळणार? पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या संशोधकांनी हे नदीखोरं पायी धुंडाळलं. आर. व्ही. जोशी यांचा मलप्रभेच्या खोऱ्यावरचा ग्रंथ १९५५ चा; बदामीकडचं ख्याड हे दगडी हत्यारांचं ठिकाण त्यात येतं. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभेचा उगम पाहायला आपण सहलीला जातो, तीच ही नदी. आर. एस. पप्पू यांनी वरच्या कृष्णेच्या खोऱ्यावर काम केलं, ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं अनगवाडी हे हत्यारांचं ठिकाण घटप्रभेच्याच काठावर आहे, मावशीच्या गावाखालून वाहत गेलेलं पाणी तिथून जातं.

गोकाकजवळच्या कोण्णूरची दगडी फळ्यांची थडगी या हत्यारांच्या कितीतरी नंतरची, महापाषाण काळातली. आणि बेळगाव शहरातल्या वडगाव-माधवपूरला खोदकामात निघालेलं सातवाहनकालीन नगर तर इतिहासातच येतं.

आम्ही पोरं नदी आटली की पात्रात उतरायचो. चपट्या दगडांची एकावर एक लगोरी लावायची, उरलेले पाण्यावर सुरकांडी मारायला. एकदा मला तळहातात चपखल बसणारा एक दगड मिळाला, एका टोकाला निमुळता, दोन्ही बाजूंनी टवके उडालेला. मावशीला नेऊन दाखवला. ती म्हणाली, “पांडवांचं काय तरी असंल ते. जिथनं आणलीस तिथं ठेवून ये जा.” मी गेले आणि डोहात भिरकावून दिला.

ती हातकुऱ्हाड होती की पाण्यानं घासलेला साधा धोंडा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मावशीचं म्हणणं मात्र निम्मं बरोबर होतं. असा दगड जिथं पडलेला असतो तिथंच, त्याच थरात, तो बोलतो. कपाटात आणून ठेवला की त्याचं वय काढायची वाटच बंद होते. आता वाळूसाठी नदीकाठ खरवडले जातात, कालव्यांसाठी आणि विहिरींसाठी चर पडतात, आणि तो जुना गाळ ट्रॅक्टरमध्ये भरून जातो.

यंदा मेमध्ये मावशीच्या नातवाला घेऊन मी काठावर उतरले. पावसानं तुटलेल्या दरडीत वर काळी माती, मध्ये पिवळसर चिकण गाळ, खाली गोट्यांचा थर असे तीन पट्टे स्वच्छ दिसत होते. गोट्यांच्या थराला हात न लावता आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. मग त्यानं विचारलं, गेंडा कुठल्या पट्ट्यात होता? मी त्याला मधला पिवळसर गाळ दाखवला आणि सांगितलं, असल्याच कुठल्यातरी गाळात.