एकदम सिगारेट सोडली तर झटका बसतो?

‘वीस वर्षांची सवय आहे, एकदम सोडू नको, शरीराला झटका बसेल.’ हा सल्ला पानटपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही फुकट मिळतो. देणारा बहुधा स्वतः ओढणारा असतो, हा भाग वेगळा.

चिडचिड, झोपमोड, वाढलेली भूक, बद्धकोष्ठ हे त्रास खरेच होतात. (‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही’ यातही थोडे तथ्य आहे.) पण ते निकोटीन तुटल्याचे त्रास. पहिल्या आठवड्यात जोर, मग साधारण महिन्याभरात उतार. त्यांनी जिवाला धोका नसतो.

ब्रिटनमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के सिगारेटपासून दूर होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. मात्र दोन्ही गटांना समुपदेशन आणि निकोटीनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) वगैरे मिळत होते. नेमकी हीच मदत आपल्याकडे लोक टाळतात, जणू ती घेणे म्हणजे हार.

सिगारेटच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा) क्रमांक छापलेला असतो. फोन मोफत आहे. घरच्यांनी टोमणे मारण्याऐवजी तो लावून द्यावा.