डास, वस्तरा आणि एचआयव्ही

मुंबईत पावसाळा सुरू होऊन मलेरिया-डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की एक जुनी शंका हटकून पुढे येते : एकाचे रक्त पिऊन दुसऱ्याला चावणारा डास मलेरिया पसरवतो, तर एचआयव्ही का पसरवत नाही? ही शंका बाळबोध म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, तेथून त्याच्या लाळग्रंथींत पोहोचतो आणि पुढच्या चाव्याच्या वेळी लाळेबरोबर माणसात उतरतो. एचआयव्हीला वाढण्यासाठी मात्र माणसाच्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी, प्रामुख्याने सीडी-४ पेशी, लागतात. डासाकडे त्या नसल्यामुळे रक्ताबरोबर पोटात गेलेला विषाणू तेथेच पचून जातो. शिवाय डासाच्या सोंडेत रक्त ओढण्याचा मार्ग वेगळा आणि लाळ सोडण्याचा वेगळा असतो. त्यामुळे आधीच्या माणसाचे रक्त पुढच्या माणसाला टोचले जात नाही.

संसर्ग होण्याइतका विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध एवढ्याच द्रवांत असतो, आणि त्यालाही नाजूक अंतस्त्वचेतून, जखमेतून किंवा थेट रक्तात शिरकाव मिळावा लागतो. घाम आणि अश्रूंतून संसर्ग होत नाही. लाळेत विषाणू अत्यल्प असतो आणि त्याला निष्प्रभ करणारे घटकही असतात. लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेली अंगे एकमेकांना घासली, एकाच डब्यातले जेवण वाटून खाल्ले किंवा चाळीतला सामायिक संडास वापरला, तरी विषाणूला वाट मिळत नाही. त्याचे बाह्य आवरण चरबीयुक्त आणि नाजूक असते. शरीराबाहेर द्रव वाळू लागला की काही तासांतच बहुतांश विषाणू निकामी होतो. चित्रपटगृहाच्या खुर्चीत खोचलेली सुई टोचून एचआयव्ही झाल्याची जी अफवा मोबाइलवर अधूनमधून फिरते, ती या कसोटीवर टिकत नाही.

रुग्णालयातील ताज्या रक्ताची सुई ही गोष्ट वेगळी, परंतु तेथेही आकडा अनेकांच्या समजुतीपेक्षा लहान आहे. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधिताच्या रक्ताची सुई परिचारिकेला टोचली, तर संसर्गाची शक्यता हजारात सुमारे 3 असते. तरीही ७२ तासांच्या आत, आणि खरे तर जितक्या लवकर शक्य असेल तितक्या लवकर, प्रतिबंधक औषधे सुरू करून ती 28 दिवस घ्यायची असतात. एकच सिरिंज वापरून नशा करणाऱ्यांना हा धोका वारंवार पत्करावा लागतो. न्हाव्याच्या वस्तऱ्याने एचआयव्ही होण्याची शक्यता मात्र नगण्य आहे. तेथे नव्या पात्याचा आग्रह धरावा तो अधिक चिवट अशा हिपॅटायटिस-बी या यकृताच्या आजाराच्या विषाणूसाठी.

भारतात संसर्गाचा प्रमुख मार्ग असुरक्षित लैंगिक संबंध हाच आहे. त्यातही गुदमैथुनात धोका अधिक असतो, आणि लैंगिक आजारांमुळे झालेल्या जखमा तो आणखी वाढवतात. निरोध योग्य रीतीने आणि प्रत्येक वेळी वापरला तर तो बराच कमी होतो. याहून महत्त्वाची आणि आपल्याकडे फारच कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, नियमित एआरटी (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे) घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आहे आणि तसाच टिकून आहे, त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. युरोपात शेकडो जोडप्यांवर झालेल्या आणि 2016 व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असा एकही संसर्ग आढळला नाही.

आईकडून बाळाला गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण उपचारांविना 15 ते 45 टक्के असते. आईने वेळेवर औषधे घेतली आणि बाळालाही ती दिली, तर ते 5 टक्क्यांच्या खाली आणता येते. म्हणून गरोदरपणातील पहिल्याच तपासणीत एचआयव्हीची चाचणी करून घेणे इष्ट. रक्तदात्याला कसलाच धोका नसतो, कारण सुई नवी असते. दान केलेल्या रक्ताची तपासणीही बंधनकारक आहे.

संसर्ग झाल्यानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून शंका असल्यास ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. सरकारी व महापालिका रुग्णालयांतील आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी) केंद्रांत ही चाचणी मोफत होते आणि तिचा निकाल गोपनीय ठेवला जातो. माहितीसाठी 1097 हा निःशुल्क क्रमांक आहे.