हळू वाजवलेला सूर आणि आवाज कमी केलेला सूर
फ्रेंच हॉर्नचा जोरात फुंकलेला एक सूर सँपलरमध्ये (मुद्रित सूर कीबोर्डवरून वाजवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि फेडर (आवाजाच्या पातळीची सरकपट्टी) खाली ओढा. हळुवार हॉर्न ऐकू येत नाही. लांब कुठेतरी कुणीतरी जीव तोडून वाजवतंय असं वाटतं. याचं कारण हॉर्नच्या नळीत आहे. जोराने फुंकलं की दाबाची लाट त्या लांबलचक नळीतून जाताना पुढच्या बाजूने उभट होत जाते आणि वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) उसळून येतात. ब्रासची झळाळी म्हणतात ती हीच. हळू फुंकलं की मुख्यतः खालचे उपस्वर उरतात. फेडर मात्र सगळ्यांना सारखंच खाली आणतो. संगणकावर वाद्यवृंदाची रचना करताना होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथे आहे.

म्हणूनच सँपल लायब्ररीत (अशा मुद्रित सुरांच्या संग्रहात) प्रत्येक सूर वेगवेगळ्या जोराने वाजवून मुद्रित केलेला असतो. साधा हिशेब करू. व्हायोलिनची साधारण साडेतीन सप्तकं, त्यातला एक सोडून एक सूर घेतला तरी 22 सूर, प्रत्येकाचे 4 थर, म्हणजे जोराच्या 4 पातळ्या: 88 मुद्रणं. 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, स्टिरिओ धरलं तर 6 सेकंदांच्या एका सुराला सुमारे 1.7 एमबी लागतात. म्हणजे एकूण 150 एमबी, आणि माइक तीन ठिकाणी ठेवले असतील तर 450. हे झाले फक्त लांब सूर. पिझिकाटो (बोटाने छेडलेली तार), ट्रेमोलो (थरथरता गज), तुटक सूर यांचे संच वेगळे. तुटक सुरांची तर प्रत्येकी तीन-चार आवर्तनं लागतात, नाहीतर तोच आवाज लागोपाठ आठदा येतो आणि मशिनगन चालल्यासारखं वाटतं. एवढं सगळं रॅममध्ये मावत नाही. प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये राहते आणि उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून येतो. फिरत्या हार्ड डिस्कवर, खूप सूर एकदम वाजतात तिथे, आवाज तुटतो तो त्यामुळे. लायब्ररी एसएसडीवरच ठेवा.

सिक्वेन्सर (रचना नोंदवून वाजवणारं सॉफ्टवेअर) आणि सँपलर अजूनही 1983 सालच्या मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या संकेतांच्या, भाषेत बोलतात: प्रत्येक कंट्रोलरला (वाजवताना बदलता येणाऱ्या नियंत्रणाला) 0 ते 127 इतकेच आकडे. पियानो, तालवाद्यं आणि तुटक सूर यांचा थर व्हेलॉसिटी, म्हणजे कळ दाबण्याचा वेग, ठरवते. लांब सुरांचा थर बहुतेक लायब्रऱ्यांत कीबोर्डवरचं मॉड व्हील नावाचं चाक, म्हणजे कंट्रोलर 1 ठरवतो. नवखा माणूस लांब सुराची व्हेलॉसिटी 60 वरून 110 करतो, काहीच बदलत नाही, आणि तो लायब्ररीला दोष देतो. कंट्रोलर 11, म्हणजे एक्स्प्रेशन, फक्त पातळी हलवतो. तो 100च्या आसपास ठेवावा आणि शेवटचा सूर विरवतानाच खाली आणावा.

चार मात्रांचे चार बार असलेला वाक्यांश घ्या. मॉड व्हील 45 वर सुरू करा, तिसऱ्या बारच्या मध्याला 85 पर्यंत न्या, शेवटच्या सुरावर 40 ला उतरवा. ‘एकाच जोराचा’ सूरही सरळ रेषेत ठेवू नका, पाच-सात आकडे हलू द्या. माउसने रेषा काढण्यापेक्षा चाकावर बोट ठेवून वाजवलेलं नेहमीच चांगलं उतरतं, आणि ते प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळं वाजवावं. एकट्या फ्लूटचा किंवा ओबोचा थर बदलताना मात्र सावध राहा: क्षणभर दोन्ही थर एकदम वाजतात आणि एकाच्या जागी दोन फ्लूट ऐकू येतात. सोळा व्हायोलिनच्या गर्दीत हे झाकलं जातं, एकल वाद्यात नाही. तिथे तो टप्पा पटकन ओलांडावा.

वेळेचा घोळ याहून छुपा. लेगाटोत (सूर सलग जोडून वाजवताना) एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची हालचालही मुद्रित असते, त्यामुळे नवा सूर जागेवर पोचायला 100 ते 250 मिलिसेकंद लागू शकतात. ग्रिडवर अचूक ठेवलेली चाल म्हणून मागे पडल्यासारखी वाटते. ट्रॅकला उणे डिले द्या, म्हणजे तो थोडा आधी वाजू द्या, पण आधी मोजा: तुटक सुरांना याहून बराच कमी उशीर लागतो. दोन्ही एकाच ट्रॅकवर असतील तर एक आकडा दोघांना लागू पडत नाही. माझ्या मते प्रत्येक वादनप्रकाराला वेगळा ट्रॅक हाच उत्तम मार्ग. कीस्विच (वादनप्रकार बदलणाऱ्या कळा) वापरले की आणखी एक अडचण येते: मधूनच प्ले दाबलं तर आधी होऊन गेलेला छोटा कीस्विच सँपलरला कळत नाही, आणि पिझिकाटोच्या जागी गजाचा लांब सूर सुरू होतो.

वादकांची मोजणीही करा. ‘चार हॉर्न’ असं लिहिलेल्या पॅचवर (सँपलरमधल्या तयार वाद्यावर) तीन सुरांचा कॉर्ड दाबला की बारा हॉर्न वाजतात. आवाज जाड आणि चिकट होतो. तिथे एकेकट्या हॉर्नचा पॅच घेऊन एकेक सूर वाटून द्यावा. पहिले आणि दुसरे व्हायोलिन एकाच सँपल संचातून एकच चाल वाजवत असतील तर उलटा त्रास होतो: तेच मुद्रण स्वतःवरच किंचित सरकून पडतं, काही उपस्वर एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ होतो. दुसऱ्या व्हायोलिनची चाल दोन अर्धस्वर वर लिहा आणि पॅचची पट्टी तेवढीच खाली आणा. सूर तोच राहतो, मुद्रण मात्र शेजारचं वापरलं जातं.

वादक रंगमंचावर आपापल्या जागी बसून मुद्रित झाले असतील तर पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) पुन्हा फिरवू नका. मागच्या रांगेतल्या ब्रासचं 10 मीटरचं अंतर, म्हणजे ध्वनीचे सुमारे 29 मिलिसेकंद, त्या मुद्रणातच आहे. कोरडी मुद्रणं असतील तर सगळ्यांना सेंडवरून (ट्रॅकचा काही आवाज दुसरीकडे पाठवणाऱ्या वाटेने) एकच हॉल रिव्हर्ब, म्हणजे सभागृहाचा घुमारा, द्या.

मग सगळे फेडर मूळ जागी आणून रचना एकदा ऐका. फ्लूट खालच्या सप्तकात आहे आणि खाली तीन ट्रॉम्बोन जोरात आहेत, तर फ्लूट बुडणारच, खऱ्या रंगमंचावरही बुडाला असता. त्याचा फेडर वर नेऊ नका. चाल एक सप्तक वर लिहा, किंवा ट्रॉम्बोनचं मॉड व्हील 100 वरून 50 वर आणा.